उपशामक उपचार, आघात-शल्यचिकित्सेतील

अपघातात जबर जखमी झालेल्या किंवा आतड्याला छिद्र पडण्यासारख्या कारणाने तातडीची शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या रुग्णाच्या वेदना, धाप व घालमेल कमी करणे आणि उपचार कुठवर न्यायचे हे त्याच्याशी व घरच्यांशी बोलून ठरवणे. हे काम जीव वाचवण्याच्या प्रयत्नांच्या जोडीनेच सुरू करायचे असते; हात टेकल्यावर नव्हे.

उपशामक उपचारांची पायाभरणी करणाऱ्यांत शल्यचिकित्सकही होते. मूत्रविकारांचे शल्यचिकित्सक बॅल्फर माउंट यांनी १९७५ मध्ये माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात अशा उपचारांचा कक्ष उघडला. मुंबईत कर्करोग-शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती अवेदना सदन हे कर्करुग्णांचे शुश्रूषागृह सुरू केले. कर्करोगात बोलायला बहुधा काही आठवडे तरी मिळतात. अपघातात रुग्ण बेशुद्ध, डॉक्टर अनोळखी आणि निर्णय तासाभरात घ्यायचा.

अमेरिकेतील न्यूअर्क येथे ॲन मोसेन्थल व सहकाऱ्यांनी आघात अतिदक्षता विभागात एक शिस्त घालून दिली: दाखल झाल्यापासून २४ तासांत कुटुंबाची विचारपूस, ७२ तासांत सर्वांची बैठक. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण बदलले नाही. मात्र जे वाचणार नव्हते, त्यांचे अतिदक्षता विभागातले दिवस कमी झाले. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने २०१७ मध्ये आघातग्रस्तांसाठी याविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

‘डॉक्टर, वाचतील ना?’ या प्रश्नाला केवळ टक्केवारीने उत्तर देता येत नाही. त्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील ग्रेचेन श्वार्झे व सहकाऱ्यांनी कागद-पेनची पद्धत आणली. शल्यचिकित्सक उभी रेघ ओढतो. वर चांदणी, खाली चौकोन, मध्ये लंबगोल. चांदणीपाशी सगळे सुरळीत झाले तर काय, हे तो साध्या भाषेत सांगतो: व्हेंटिलेटर सुटेल, पण चालायला आधार लागेल. चौकोनात सर्वांत वाईट शक्यता येते, लंबगोलात सर्वाधिक संभवणारी. मग घरचे बोलू लागतात: अण्णांना अंथरुणाला खिळून राहणे चालले असते का?

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली. कृत्रिम जीवनाधार काढण्याबाबत तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत देतात. इच्छापत्र नसले, तरी घरच्यांच्या संमतीने हा मार्ग खुला आहे.