डिसेंटिंग

परवा ऑफिसात एका डिझाइनवर चर्चा चालू होती. सगळ्यांचं एकमत, मी एकटाच नाही म्हणत होतो. बॉस हसत म्हणाला, "मिनिट्समध्ये लिही, वन डिसेंटिंग व्होट!" शब्द डोक्यात अडकला तो अडकलाच. मग शनिवारी त्याचा माग काढत बसलो.

मूळ लॅटिन. 'डिस' म्हणजे वेगळं, 'सेंटिरे' म्हणजे वाटणं. ज्याला वेगळं वाटतं तो. दिसायला किती साधं! पण इंग्लंडमध्ये हे विशेषण फार महाग पडत असे. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक पाद्र्याला २४ ऑगस्टपर्यंत अधिकृत प्रार्थनापुस्तकातल्या सगळ्याच गोष्टींना संमती द्यायची होती. १६६० पासूनचे धरले तर सुमारे २००० जणांची चर्चमधली जागा गेली. हे आणि यांच्या वाटेने जाणारे ते 'डिसेंटर'. त्यांना ऑक्सफर्डला प्रवेश नाही, केंब्रिजला पदवी नाही. (ही बंधनं सुटायला एकोणिसावं शतक उजाडलं.) मग त्यांनी स्वतःच्या 'डिसेंटिंग अकॅडमी' काढल्या. ऑक्सिजनवाला जोसेफ प्रिस्टली वॉरिंग्टनच्या अशाच अकॅडमीत शिकवायचा.

आपल्याला हा शब्द भेटतो तो कोर्टात. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का? २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाच्या चार न्यायाधीशांनी 'नाही' म्हटलं. त्यांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. एकट्या न्या. हंसराज खन्नांनी डिसेंटिंग निकाल लिहिला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

पुढे काय झालं? २०१७ मध्ये प्रायव्हसीच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी तो बहुमताचा निकाल रद्द ठरवला. मुख्य निकालपत्र कोणाचं, तर यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांचं! तारीख? पुन्हा २४ ऑगस्ट. निव्वळ योगायोग, पण वाचताना अंगावर काटा आला.

'विरोधी' हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. विरोधक समोरच्या बाकावर असतो. खन्ना त्याच बाकावर बसले होते, हरले, पण कारणं लिहून ठेवली. ४१ वर्षांनी ती कामाला आली.

असो. आमचं डिझाइन बहुमताने पास झालं. मी माझी कारणं मिनिट्समध्ये सविस्तर लिहिली आहेत.