शोकाचा अवधी

ज्या बालकाचें मुख कोणीं पाहिलें नाहीं, त्याच्यासाठीं आईबापांनीं केलेल्या शोकाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. मूल जगणार नाहीं असें जन्मापूर्वींच कळलेल्या आईबापांना मन सांवरण्यास किती अवधी मिळाला, या एका प्रश्नाच्या अनुरोधानें त्या इतिहासाचे कांहीं टप्पे आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचे आहेत.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत, गर्भस्राव झाल्यास गर्भ जितक्या महिन्यांचा तितक्या रात्रींचें अशौच स्त्रीस सांगितलें आहे. हा नियम शुद्धीचा, सांत्वनाचा नव्हे. तथापि जें गेलें तें मोजण्याजोगें होतें, एवढी मान्यता त्यांत होती. त्या काळीं शोक मृत्यूच्या मागून येई.

विसाव्या शतकानें हा क्रम उलटा केला. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं ध्वनिलहरींनीं घेतलेलीं उदरांतील चित्रें प्रसिद्ध केलीं. १९७२ सालीं लंडनचे स्टुअर्ट कॅम्बेल व त्यांचे सहकारी यांनीं कवटी व मेंदूचा मोठा भाग नसलेल्या गर्भाचें निदान लवकर होऊं शकतें हें दाखविलें. असें मूल जन्मलें तरी बहुधा कांहीं तास किंवा थोडे दिवसच जगतें. उदरांत हालचाल जाणवत असतांनाच मातेनें शोक करावा, हा प्रसंग आतां नवा उद्भवला.

आपल्या देशांत १९७१ च्या कायद्यानें गर्भपातास वीस आठवड्यांची मर्यादा घातली. आणि शरीररचनेचे दोष पाहण्याची तपासणी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत होते. म्हणजे वार्ता ऐकणें, ती खरी मानणें, दुसऱ्या डॉक्टरांस विचारणें व निर्णय घेणें, हें सारें मोजक्या दिवसांत उरकावयाचें! आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा-देवरीकडच्या कुटुंबास नागपूर गांठावें लागलें, तर त्यांतलेही दिवस प्रवासांत जावयाचे.

२००८ सालीं मुंबईच्या एका दांपत्यास गर्भाच्या हृदयांत गंभीर दोष असल्याचें मुदत टळल्यावर कळलें. त्यांनीं व त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत केलेला अर्ज ४ ऑगस्ट रोजीं नामंजूर झाला. त्याच महिन्यांत त्या मातेचा गर्भ आपोआप गेला. घरांत रडावयाचें दुःख वर्तमानपत्रांत वादाचा विषय झालें. पुढें १६ जानेवारी २०१७ रोजीं, के. ई. एम. रुग्णालयांतील सात डॉक्टरांच्या मंडळाचा अभिप्राय पाहून, सर्वोच्च न्यायालयानें बावीस वर्षांच्या एका मातेस चोविसाव्या आठवड्यांत परवानगी दिली. तिच्या गर्भास कवटी नव्हती. अखेर २४ सप्टेंबर २०२१ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें, वैद्यकीय मंडळास गर्भांत गंभीर विकृति आढळल्यास आठवड्यांची मर्यादा उठविली.

कायद्यानें अवधी दिला. परंतु मनाचें काय? १९६८ सालीं इंग्लंडमध्यें स्टॅनफर्ड बोर्न यांना आढळलें कीं, मृत मूल जन्मलेल्या स्त्रियांविषयीं त्यांचे डॉक्टरच कांहीं आठवूं इच्छीत नाहींत. वैद्य जेथें विसरूं पाहतो, तेथें शेजाऱ्यांस काय बोल लावावा? अनेक रुग्णालयांत असें मूल आईस न दाखवितांच नेत असत. पुढें कांहीं ठिकाणीं त्यास पाहण्याची, हातीं घेण्याची, नांव ठेवण्याची मोकळीक मिळूं लागली.

प्रथम अविश्वास, मग आत्मदोष, ही या दुःखाची सामान्य वाट आहे. "ग्रहणांत सुरी हातीं घेतली म्हणून का?" असा प्रश्न माता मनांत घोळवीत राहते. ग्रहणाचा यांत कांहीं संबंध नाहीं. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत, गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक ॲसिड दिल्यास मज्जासंस्थेच्या अशा दोषांची पुनरावृत्ति ७२ टक्क्यांनीं घटते असें दिसून आलें. पुढच्या वेळीं काय करावें हें त्यांतून कळतें. मागच्या वेळचा अपराध त्यांतून सिद्ध होत नाहीं. पिता कागदपत्रांमागें धांवत असतो, म्हणून त्यास दुःख नाहीं असें लोक समजतात.

कोणी गर्भपाताचा मार्ग पत्करतात, कोणी नऊ महिने पुरे करून बाळाचा एक तास पदरीं घेतात. शोक दोघांसहि सुटत नाहीं. "दुसरें होईल" हें आपलें नेहमींचें सांत्वन त्या शोकाचा अवधी हिरावून घेतें. त्याऐवजीं मातेस, आणि पित्यासहि, त्या मुलाविषयीं बोलूं द्यावें, व आपण स्वस्थपणें ऐकावें. त्यास कोणत्याहि न्यायालयाची परवानगी लागत नाहीं.