गालावरचा घसारा

दाढी ही ब्रह्मदेवाने पुरुषमात्राच्या नावावर परस्पर उघडलेली आवर्ती ठेव आहे. फरक एवढाच, की इथे व्याज रात्रीतून आपोआप वाढतं आणि सकाळी ते आपल्यालाच खरडून काढावं लागतं. खातं बंद करायची सोय नाही. वारसाची नोंदही करावी लागत नाही, कारण मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की त्याचं स्वतंत्र खातं आपसूक सुरू होतं.

मी बँकेत कारकून आणि शिक्षणाने बी.कॉम. कुठलीही वस्तू पाहिली की इतरांना तिचं सौंदर्य दिसतं, मला घसारा दिसतो. कॉमर्स न शिकलेल्या भाग्यवंतांसाठी सांगतो : वस्तू वापरून झिजते तशी तिची किंमत वहीत दरवर्षी कमी करत जायची, त्याला घसारा म्हणतात. तो काढायच्या मुख्य पद्धती दोन. स्थिर हप्ता आणि घटती शिल्लक. हा शब्द ज्याने मराठीत रूढ केला, तो नक्की जुन्या पात्याने दाढी करत असताना त्याला सुचला असणार, अशी माझी फार दिवसांची शंका आहे.

कारण दाढीचं कार्ट्रिज यांपैकी कुठल्याच पद्धतीत बसत नाही. मी न्हाणीघरातल्या कॅलेंडरवर खुणा करून पाहिलं आहे. पहिल्या तीन दाढ्या लोण्यावरून सुरी फिरवल्यासारख्या. पाचवीपर्यंत बरं चालतं. आठवीला गाल प्रश्न विचारू लागतो. बाराव्या दाढीला आमची ही बाहेरून विचारते, ‘‘अहो, खवणी आत नेलीत का?’’ कार्ट्रिजच्या डोक्यावर एक रंगीत पट्टी असते, तिचा रंग उडाला की ते बदलावं असा संकेत आहे. मुदत संपल्याची नोटीसच म्हणा ना. आमच्या बँकेची नोटीस पोचत नाही, पण ही रोज सकाळी डोळ्यांसमोर.

आणि किंमत! पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजला आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार दोनशेच्या आसपास घेतो. साबण, तेल, डाळ-तांदूळ सगळं उघड्यावर, पण कार्ट्रिज मात्र काचेच्या कपाटात, कुलपात. किल्ली त्याच्या करगोट्याला. आमच्या शाखेत सोनं तारण ठेवून कर्ज मिळतं. कार्ट्रिज तारण ठेवायची योजना अजून वरून आलेली नाही, पण यायला हरकत नाही. दुधारी साधं पातं त्याच दुकानात दोन-तीन रुपयांना मिळतं. ते कुलपात ठेवायची गरज कुणालाच वाटत नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! कॉलेजात आमच्या सरांनी हीच म्हण इंग्रजी सूट चढवून शिकवली होती. रेझर फुकटात वाटा, पात्यांवर जन्मभर कमवा. हा मंत्र म्हणे किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाने जगाला दिला. ‘किंग’ ही पदवी नव्हे, आईबापांनी ठेवलेलं नाव. सर फार रंगून सांगत. पुढे याच मंत्रावर लोकांनी छपाईची यंत्रं स्वस्त आणि त्यांची शाई महाग केली.

तर हा जिलेट कोण? जन्म १८५५ चा, विस्कॉन्सिन राज्यातला. पेशा फिरत्या विक्रेत्याचा. बाटल्यांची पत्र्याची बुचं करणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला, की बाबा रे, लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोधून काढ. जिलेट हा सल्ला डोक्यात घेऊन हिंडत राहिला. १८९५ साली एका सकाळी दाढीला बसला, तर वस्तरा असा बोथट, की चामड्याच्या पट्ट्यावर घासूनही धार येईना. तिथे त्याला सुचलं. पातळ पत्र्याचं पातं, दोन्ही कडांना धार, धार गेली की फेकून द्यायचं. त्या वेळी तो चाळिशीचा होता. मीही चाळिशीत आहे आणि मीही रोज आरशासमोर उभा राहतो. मला अजून काही सुचलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी गंमत पुढेच आहे. हा मनुष्य भांडवलदार व्हायच्या आधी भांडवलशाहीचा शत्रू होता! पातं सुचण्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं. व्यापारातली स्पर्धा हे सर्व पापांचं मूळ, तेव्हा जगातले सगळे धंदे मोडून एकच कंपनी काढावी, ती सगळ्यांच्या मालकीची असावी, आणि लोकांनी नायगाऱ्याच्या धबधब्याजवळ एकाच अजस्र शहरात राहावं, असा त्याचा बेत. १९१० साली त्याने माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना या जागतिक कंपनीचं अध्यक्षपद देऊ केलं, वर दहा लाख डॉलर. रूझवेल्ट नको म्हणाले. स्पर्धा नसलेलं जग काही अवतरलं नाही. त्याची स्वतःची पात्यांची कंपनी मात्र पुढे बरीच वर्षं त्या स्वप्नाच्या जवळपास पोचली होती.

पातं सुचणं सोपं, करणं अवघड. एवढ्या पातळ पोलादाला धार लागणं शक्य नाही असं जाणकारांनी त्याला सांगितलं. त्या जाणकारांत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपलं एम.आय.टी., तिथली मंडळीही होती. (‘आपलं’ अशासाठी, की आपल्याकडच्या निम्म्या पालकांनी ते मनातल्या मनात आपलंसं केलेलंच असतं.) शेवटी त्याच संस्थेत शिकलेल्या विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवलं. १९०१ मध्ये कंपनी निघाली आणि १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. वर्षअखेर हिशेब केला तर रेझर विकले गेले ५१ आणि पाती १६८. आमच्या शाखेत असा आकडा लागला असता तर विभागीय कार्यालयाने शाखाच बंद केली असती. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले, आणि सैनिक घरी परतले ते रोज स्वतः दाढी करायची सवय घेऊनच.

आता सरांचा मंत्र. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० मध्ये जुन्या किमती तपासल्या, आणि सरांची सगळी कथाच उलटी निघाली. जिलेटने रेझर फुकट तर सोडाच, चांगला पाच डॉलरला विकला. त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा! पेटंट १९०४ ला मिळालं होतं. तेव्हापासून १९२१ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसं पातं करायची बंदी होती तोवर, ज्याला स्वस्त कोंबडी महाग मसाला करायची खरी संधी होती त्याने कोंबडीच महाग विकली. पेटंट संपून बाजार मोकळा झाला, तेव्हा कुठे जुन्या पद्धतीचा रेझर एक डॉलरवर आला. म्हणजे जो मंत्र आम्ही परीक्षेत दहा मार्कांना लिहिला, तो ज्याच्या नावावर खपला त्याने धंद्याच्या भरभराटीत वापरलाच नव्हता. सर आज हयात नाहीत. असते तरी मी त्यांना सांगितलं नसतं. इतकं सुंदर शिकवत असत.

मात्र पात्याने किती दिवस टिकावं, हा प्रश्न कंपन्यांना नेहमीच नाजूक वाटत आला. १९६२ च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्ड या तलवारी करणाऱ्या इंग्रजी कंपनीने स्टेनलेस पोलादाचं पातं काढलं. ते साध्या पात्याच्या कितीतरी पट टिकायचं. लोक दुकानांत रांगा लावू लागले. जिलेट कंपनीला तसंच पातं बाजारात आणायला १९६३ उजाडलं. एवढी मोठी कंपनी, एवढे शास्त्रज्ञ, मग उशीर का? कारण मला अगदी घरगुती वाटतं. जो माल दर आठवड्याला संपतो तो महिनाभर टिकू लागला, तर मालकाच्या पोटात गोळा यायचाच.

गिऱ्हाइकाची दृष्टी नेमकी उलटी. माझे वडील टोपाझचं दुधारी पातं काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला बोटाने घासून पुन्हा वापरीत. ते निवृत्त झालं की (पातं, वडील नव्हेत) आमच्या पेन्सिलींना टोक करी, आणि तिथूनही निवृत्त झालं की आईकडे टाके उसवायला जाई. सरकारी नोकरालासुद्धा इतक्या वेळा मुदतवाढ मिळत नाही. तिकडे प्रागमध्ये कारेल द्रबाल नावाच्या गृहस्थाने तर पुठ्ठ्याच्या छोट्या पिरॅमिडखाली ठेवलेल्या पात्याची धार टिकते असा दावा करून १९५९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. अमेरिकेत मात्र न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटाला एक फट असे. वापरलेलं पातं तिच्यातून सरळ भिंतीच्या पोकळीत टाकायचं. ठेव घेणारी पण परत न देणारी ही एकमेव बँक असावी, असं मी लिहिणार होतो; पण ‘एकमेव’ हा शब्द ठेवीदार वाचकांना पटणार नाही.

मग पात्यांची संख्या वाढू लागली. १९७१ मध्ये जिलेटचं दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं. १९७५ साली अमेरिकन टेलिव्हिजनवर तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात थट्टा म्हणून दाखवली गेली. लोक पोट धरून हसले. १९९८ मध्ये तीन पात्यांचा खरा रेझर आला. २००३ मध्ये प्रतिस्पर्ध्याने चार पाती आणली, तर २००४ मध्ये एका विनोदी वृत्तपत्राने ‘आम्ही पाच आणणार’ असा लेख लिहिला. २००६ मध्ये पाच आली. या धंद्यात विनोदी लेखकाने तोंड सांभाळून बोलावं हे बरं.

पण पाच काय नि पन्नास काय, पातं बोथट होतंच. केस तर पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ. मग तो पोलादाला हरवतो कसा? याचं उत्तर २०२० मध्ये मिळालं, तेही त्याच एम.आय.टी.त. तिथल्या एका संशोधकाने स्वतःची दाढी करकरून दर वेळी पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. धार एकसारखी झिजत नाही, तिचे बारीक कपचे उडतात. केस वाकून तिरका लागला आणि नेमका त्याच जागी पोलादाचा पोत एकसारखा नसला, की कपचा निघतो. कडक मॅनेजरला मऊ बोलणारा खातेदार कसा नमवतो, ते काउंटरवर रोज पाहत असल्यामुळे मला या शोधाचं फारसं नवल वाटलं नाही.

भारताची गोष्ट निराळी. कंपनीने आपल्यासाठी एक रेझर तयार केला आणि चाचणी घेतली ती अमेरिकेतच, एम.आय.टी.त शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. मुलं खूष. रेझर इथे आला आणि केसांनी तुंबून बसला. कारण ती मुलं वाहत्या नळाखाली रेझर धूत होती, आणि इथला माणूस वाटीभर पाण्यात सगळी दाढी उरकतो! मग माणसं इथे येऊन घरोघर दाढी बघत बसली, आणि २०१० मध्ये एका पात्याचा रेझर निघाला : किंमत १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपयांना. बिनपाण्याने हजामत करण्यात आपण पूर्वीपासून वाकबगार, हे त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

यंदा आमच्या चिरंजीवांच्या ओठांवर रेघ उमटली आणि माझ्यातला कारकून जागा झाला. एका बाजूला पाच पात्यांचं कार्ट्रिज, दुसऱ्या बाजूला दुधारी पातं, असा पन्नास वर्षांचा अंदाजी हिशेब मांडला. दोन्ही रकमांतला फरक इतका होता, की मी बेरीज पुन्हा केली. मुलगा आत्ता ज्या हत्याराला हात घालेल ते जन्मभर हातात राहणार, म्हणून रविवारी सकाळी तो कागद आणि वडिलांचा जुना पितळी रेझर घेऊन त्याच्यासमोर बसलो.

त्याने कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, ‘‘बाबा, मी दाढी ठेवणार आहे. आमच्या वर्गात सगळ्यांनीच ठेवल्या आहेत.’’

जिलेट २००५ मध्ये ज्या कंपनीने ५,७०० कोटी डॉलरला विकत घेतली, तिने २०१९ मध्ये आपल्या वहीत तिची किंमत ८०० कोटी डॉलरने कमी केली. जी कारणं दिली त्यांत, लोक पूर्वीइतकी वरचेवर दाढी करत नाहीत, हेही एक होतं. एवढा मोठा घसारा आमच्या घरातही बसला आहे हे मला त्या रविवारी कळलं.

संध्याकाळी चिरंजीव बाजारातून दाढीला लावायच्या तेलाची एक इवलीशी बाटली घेऊन आले. तीही कुलपातल्या कपाटातूनच काढून दिली म्हणे.