डोकी मोजली फेब्रुवारीत, गाडी अडली पावसाळ्यात

आज पिकाची नाही, गावाच्या हिशोबाची नोंद. सीताफळ झाडावर कितीही चांगलं भरलं तरी तोडल्यावर दोन-चार दिवसांत मऊ पडतं. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वस्तीवरून डांबरीपर्यंत चिखल असेल तर त्या मानांकनाचं काय करायचं?

आमचा बीड जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राज्यात सरकारी बस 1932 साली सुरू झाली; मुंबई राज्याची पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे–नगर धावली. रेल्वे म्हणजे जिल्ह्याच्या टोकाला परळी. बीड शहरातून अहिल्यानगरला प्रवासी गाडी सुटली ती थेट 17 सप्टेंबर 2025 ला. एवढी वर्षं आमचा माल आधी बैलगाडीनं, मग एसटीच्या टपावर आणि आता पिकअपनं निघतो. म्हणजे सगळी भिस्त रस्त्यावर.

आता रस्ता कुणाला मिळतो ते बघा. 25 डिसेंबर 2000 ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्यात घटक धरला गाव नव्हे, वस्ती. सपाट भागात 500 लोकवस्तीची अट, डोंगरी-आदिवासी भागात 250. आकडा 2001 च्या जनगणनेचा. 2024 साली चौथा टप्पा मंजूर झाला, त्याला आधार 2011 च्या जनगणनेचा. म्हणजे एकदा लिहिलेला आकडा वस्तीला दहा-पंधरा वर्षं पुरतो, नाहीतर नडतो.

आणि खरी गोम इथंच आहे. 2011 ची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत. त्या महिन्यात आमच्याकडं घरी असतं कोण? दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या कारखान्यावर जातात, त्या पाडव्याच्या आगंमागं परततात. जनगणनेचा नियम असा, की मोजणीचे सगळे दिवस जो घराबाहेर आहे, त्याची नोंद तो जिथं सापडेल तिथं. म्हणजे वस्तीवरचा माणूस मोजला जातो फडाशेजारच्या कोपीत.

समजा, वस्ती 560 ची. 40 कोयते गेले, म्हणजे 80 माणसं. पोरंबाळं धरलीच नाहीत तरी राहिले 480. अट हुकली. ज्याच्या घामानं दुसऱ्या जिल्ह्यातला कारखाना चालतो, त्याच्या गैरहजेरीनं त्याच्याच दारचा रस्ता हुकतो. बरं, रस्ता नाही म्हणून माल वेळेत निघत नाही, भाव पडतो, आणि पुढच्या साली आणखी एक कोयता वाढतो. स्थलांतराची कारणं आपण पावसात शोधतो. 1972 च्या दुष्काळानं लोक घराबाहेर काढले हे खरंच, पण चांगल्या पावसाच्या सालीही माणूस का जातो, याचं एक उत्तर या कच्च्या वाटेत आहे.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 च्या संदर्भ तारखेची आहे. म्हणजे मोजणी परत फेब्रुवारीतच, ऐन गळितात. म्हणून तीन कामं आत्ताच करा. एक, ग्रामसभेत ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची नावानिशी यादी करून ठरावाला जोडून ठेवा. दोन, 2011 च्या नियमात मोजणीच्या काळात थोडे दिवस जरी माणूस घरी असला तरी त्याची नोंद घरी होत होती. 2027 चा नियम प्रगणकाला आधी विचारा आणि टोळीला कळवा. तीन, ग्रामसडक योजनेत 500 मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. शेजारच्या वस्तीशी बांधाचं भांडण असलं तरी या कागदावर सह्या एकत्र करा.

जमिनीचा सातबारा आपण दरवर्षी तपासतो. माणसांच्या मोजणीचा कागद दहा वर्षांतून एकदाच होतो, तोही तपासायला शिकलं पाहिजे. तुमच्या वस्तीवरून फेब्रुवारीत किती कोयते बाहेर असतात, खाली नक्की लिहा.