डोंगरावरच्या काचा आणि बिभाताई

महाबळेश्वरला धो-धो कोसळणारा पाऊस माण-जतला येईपर्यंत चार थेंबच उरतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आकाशातून अशीच आणखी एक सर रात्रंदिवस पडते. ती दिसत नाही, भिजवत नाही. तिला विश्वकिरण म्हणतात. अवकाशातून वेगानं आलेले कण हवेवर आदळून फुटतात आणि त्यांचे तुकडे खाली येतात. वाटेत हवा बरेचसे अडवते. म्हणून ते टिपायचे तर डोंगर चढावा लागतो.

आपल्या देशात हे काम सुरुवातीला करणाऱ्यांत एक बाई होत्या, बिभा चौधुरी. जन्म १९१३चा, कोलकात्याचा. १९३६ साली एम.एस्सी. झाल्या, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी. देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी फोटोच्या काचा दार्जिलिंगला आणि संदकफूच्या डोंगरावर ठेवल्या. संदकफू म्हणजे महाबळेश्वरच्या अडीचपट उंच. कण काचेतून गेला की बारीक रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघा मोजून दोघांनी इलेक्ट्रॉनहून जड, पण प्रोटॉनहून हलक्या कणाचा माग काढला.

पण महायुद्ध सुरू होतं. चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात आणि काम तिथंच थांबलं. पुढं इंग्लंडच्या सेसिल पॉवेल यांनी सुधारलेल्या काचा वापरून याच पद्धतीनं नवा कण शोधला. १९५०चं नोबेल त्यांना मिळालं.

बिभाताई १९४९ साली मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. १९९१ साली त्या गेल्या. २०१९ साली एका ताऱ्याला ‘बिभा’ नाव मिळालं.

त्यांनी धरलेली वाट आज रुंद झाली आहे. उटीला सुमारे चारशे यंत्रं हे कण मोजतात. लडाखात हानले इथं ४,२७० मीटर उंचीवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं २१ मीटर रुंद आरशाची दुर्बीण उभारली आहे. गॅमा किरण हवेत शिरले की क्षणभर निळसर उजेड चमकतो, तो ती टिपते.

सख्यांनो, बिभाताईंकडे हुशारी होती, कमी पडल्या त्या काचा. आपल्या गावात मुलींची शाळा कशापायी सुटते? एसटीपायी, वसतिगृहापायी, फीपायी. येत्या बैठकीत बचत गटातल्या कर्जाची यादी काढू, तेव्हा त्यात एक ओळ मुलींच्या शिक्षणाची असू द्या.