सेतू
सेतू : मागच्या इयत्तेतलं कच्चं राहिलेलं पुढच्या वर्गाआधी पक्कं करून घेणारा छोटा अभ्यासक्रम. कोरोनाकाळात राज्याने दुसरी ते दहावीसाठी १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा सेतू राबवला.

बीडमध्ये मात्र ही गरज जुनी. दिवाळीच्या सुमारास ‘कोयता’, म्हणजे ऊसतोडीला निघालेली नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. सोबत गेलेल्या पोराचे अपूर्णांक, घातांक राहून जातात. हंगामी वसतिगृहांचा आधार आहे; तो सगळ्यांना पुरत नाही.

पुढे पॉलिटेक्निकच्या पहिल्याच सत्रात लॉगॅरिदम समोर येतो, आणि तो या घातांकांवरच उभा असतो. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात म्हणजे दोनचा सातवा घात, बारावा नव्हे. प्रवेशानंतरच्या मोकळ्या आठवड्यांत हे फळ्यावर घोटून घ्यायलाच हवं.