खेळांतून कथेकडे

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या वर्ध्याच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. त्यावरून हा लेख सुचला आहे. आमचा पुतण्या पुण्यास शिकतो. सुटींत तो येतो तेव्हां आपलें संगणकयंत्र बरोबर आणतो आणि रात्रीं जेवणें झाल्यावर त्यावर कांहीं तरी खेळत बसतो. एके रात्रीं तो मोठ्यानें हंसला, म्हणून आम्हीं मागून डोकावून पाहिलें. पडद्यावर महात्मा गांधी होते, आणि ते आमच्या पुतण्याच्या राज्यास अणुबाँबची धमकी देत होते! "काका, हा या खेळांतला सर्वांत प्रसिद्ध विनोद आहे," तो म्हणाला, "यावर खरे नट घेऊन कोणी तरी सिनेमा काढला पाहिजे." आमच्या घरापासून सेवाग्रामची बापूकुटी जेमतेम अडीच कोसांवर आहे. तेव्हां प्रथम आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु राग ओसरल्यावर असें वाटूं लागलें कीं, मुलाच्या बोलण्यांत एक खरा प्रश्न दडलेला आहे. खेळाचा चित्रपट होऊं शकतो काय? आणि होत असतांना त्यांतून काय गळून पडतें व त्यांत नवें काय घालावें लागतें?

प्रथम या विनोदाची हकीकत सांगितली पाहिजे. 'सिव्हिलायझेशन' हा खेळ सिड मायर व ब्रूस शेली या दोघां अमेरिकनांनीं रचला आणि तो १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षीं एक लहानशी वस्ती घेऊन आरंभ करावयाचा, आणि शेतें, नगरें, सैन्य, विद्या वाढवीत हजारों वर्षें राज्य चालवावयाचें, असा तो खेळ आहे. त्यांत भारताचे नेते म्हणून गांधींची योजना केलेली होती. पुढें अशी आख्यायिका पसरली कीं, गांधींच्या आक्रमकतेचा अंक १ ठेवलेला होता. लोकसत्ताक राज्य येतांच त्यांतून २ वजा झाले, आणि उणे संख्या मोजण्याची सोय नसल्यामुळें तो अंक उलटा फिरून एकदम २५५ झाला. गोष्ट मोठी चटकदार आहे. पण ती खरी नव्हे. स्वतः मायर यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत तिचा इन्कार केला आहे. खरी गंमत पुढेंच आहे. २०१० सालीं निघालेल्या पांचव्या आवृत्तींत गांधींची अण्वस्त्रप्रीति १० पैकीं १२ अशी मुद्दाम ठरविण्यांत आली. म्हणजे चूक कधीं झालीच नव्हती. चुकीच्या दंतकथेचा मात्र पुढें नियम झाला. दंतकथेपासून इतिहास दूषित होतो हें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों, पण त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरें आढळलेलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या भाषेंत 'खेळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुलें खेळतात तोही खेळ, आणि रंगभूमीवर होतो तोही खेळच. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' दाखविलें, तेव्हां लोक त्यास नाटक न म्हणतां खेळच म्हणत. सिनेमाच्या तिकिटावर आजही पहिला खेळ, दुसरा खेळ असें आपण म्हणतों. एकाच शब्दानें दोन्ही कामें भागविल्यामुळें आपणांस असें वाटण्याचा संभव आहे कीं, एका खेळांतून दुसऱ्या खेळांत जाणें म्हणजे घरांतल्या घरांत एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जाण्यासारखें आहे. पण तसें नाहीं. खेळणाराच्या हातीं निवड असते. पाहणाराच्या हातीं ती नसते. खेळांत हरलें तर डाव पुन्हां मांडतां येतो; कथेंत जें झालें तें झालें. हा भेद लहान नाहीं.

खेळाची कथा करण्याचा आपल्याकडील सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा प्रयत्न महाभारतांत आहे. आमच्या जिल्ह्यांतील केळझर हें गांव म्हणजेच एकचक्रानगरी होय, आणि भीमानें बकासुर तेथेंच मारला, अशी इकडे परंपरागत समजूत आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, पांडव आपल्याच शिवारांतून गेले असें मानणाऱ्या मुलखांत आम्ही राहतों, म्हणून ही कथा आम्हांस घरची वाटते. हस्तिनापुराच्या सभेंत जो द्यूताचा डाव झाला, त्यांत फांसे कसे पडले याची आठवण कोणास राहते काय? मुळींच नाहीं. 'जिंकलें' हा शकुनीचा एक उद्गार आणि पणाला काय लागलें एवढेंच व्यासांनीं लक्ष्यांत ठेवण्यासारखें केलें आहे: रत्नें, रथ, राज्य, भाऊ, स्वतः युधिष्ठिर, आणि शेवटीं द्रौपदी. खेळाची रीत बाजूस ठेवून पण तेवढा पुढें आणणें, हीच त्यांची योजना.

परंतु त्याहून खोल गोष्ट पुढें आहे. द्रौपदीस वर देऊन धृतराष्ट्रानें हरलेलें सर्व परत दिलें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर डाव पुसून पुन्हां आरंभापासून मांडला. राज्य परत आलें, शस्त्रें परत आलीं, दास्य गेलें. पण भरसभेंत झालेली विटंबना परत घेण्याची शक्ति धृतराष्ट्राच्याही वरांत नव्हती. जें परत करतां येत होतें तें सर्व परत केल्यावर, जें परत करतां येत नाहीं तें काय हें स्पष्ट दिसूं लागलें. आणि खेळ संपून कथा सुरू झाली ती त्या ठिकाणीं. पुढचें अनुद्यूत, बारा वर्षांचा वनवास, एक वर्षाचा अज्ञातवास आणि अखेरचें युद्ध हीं सर्व त्या एका न पुसल्या गेलेल्या गोष्टीचीं फळें आहेत.

याच अज्ञातवासांतील एक प्रसंग मराठी रंगभूमीवर आणि तेथून मराठी पडद्यावर आला. कृ. प्र. खाडिलकर यांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें, आणि कीचकांत प्रेक्षकांस लॉर्ड कर्झन दिसूं लागल्यामुळें १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. नाटकाची सारी शक्ति संवादांत होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं १९२० सालीं याच कथेवर 'सैरंध्री' हा चित्रपट काढला तेव्हां चित्रपट मुका होता. म्हणजे खाडिलकरांचें मुख्य शस्त्रच हातून गेलेलें. तरीही कीचकाच्या वधाचें दृश्य इतकें भीषण उतरलें कीं तें कापावें लागलें. येथें आपणांस रूपांतराचा एक धडा मिळतो. नव्या माध्यमांत येतांना जुन्या माध्यमाचें बळ बहुधा मागें राहतें, आणि तें मागें राहिलें म्हणून हळहळत बसण्यांत अर्थ नसतो. पणाला काय लागलें आहे तें मात्र हातचें सुटतां कामा नये. द्रौपदीचा अपमान आणि त्याचा सूड, हें पेंटरांनीं सुटूं दिलें नाहीं.

आतां पाश्चात्य व्हिडिओ खेळांचे चित्रपट या दृष्टीनें पाहूं. यांतील आरंभींचा मोठा प्रयत्न म्हणजे १९९३ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८५ च्या खेळांत एक नळदुरुस्ती करणारा गृहस्थ उड्या मारीत राजकन्येस सोडवावयास जातो, एवढीच कथा होती. चित्रपटांत ती अपुरी पडली, म्हणून डायनोसॉरांच्या वंशजांचें एक काळोखी नगर रचण्यांत आलें. खेळाची ओळखही राहिली नाहीं आणि कथेचाही ठाव लागला नाहीं, चित्रपट कोसळला. याच्या उलट 'सॉनिक' या खेळाच्या चित्रपटाची पहिली झलक २०१९ सालीं दाखविली गेली तेव्हां नायकाचें रूप खेळांतल्यासारखें नाहीं म्हणून खेळणारांनीं इतका गिल्ला केला, कीं निर्मात्यांनीं तें रूप पुन्हां घडविलें व चित्रपट २०२० पर्यंत पुढें ढकलला. एकानें खेळाचें रूप टाकून पाहिलें, दुसऱ्यानें तें लोकाग्रहानें संभाळलें. पण रूप म्हणजे पण नव्हे; आणि आमचा प्रश्न पणाचा आहे.

त्या दृष्टीनें 'प्रिन्स ऑफ पर्शिया' याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. जॉर्डन मेक्नर या तरुणानें आपल्या धाकट्या भावास धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें, आणि त्या चित्रांवरून एक एक आकृति काढून १९८९ सालीं हा खेळ सिद्ध केला. तलवारीच्या झुंजीसाठीं त्यानें १९३८ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटांतील दृश्याचा आधार घेतला. म्हणजे चित्रपटांतून खेळ निघाला, आणि त्याच खेळांतून २०१० सालीं पुन्हां जिवंत नटांचा चित्रपट निघाला. मधल्या काळांत, २००३ च्या आवृत्तींत, राजपुत्राच्या हातीं एक खंजीर आला. तो दाबला कीं काळ मागें सरकतो आणि झालेली चूक दुरुस्त होते. खेळांत ही कल्पना अतिशय सुंदर आहे. कारण खेळणारा चुकणारच, आणि त्यास क्षमा हवीच. पण तोच खंजीर चित्रपटांत आला, आणि अखेरीस काळ इतका मागें नेला गेला कीं मेलेले जिवंत झाले आणि घडलेलें सारें न घडल्यासारखें झालें. खेळांत जी क्षमा होती, तीच कथेंत पळवाट झाली. धृतराष्ट्राच्या वरानें सर्व कांहीं, अगदीं विटंबनासुद्धां, परत मिळालें असतें, तर महाभारत सभापर्वांतच संपलें असतें.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, २०२५ च्या 'माइनक्राफ्ट' चित्रपटानें ९० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविलें. आणि तो खेळ तर चौकोनी ठोकळे रचण्याचा, त्यांत कथा अशी नाहींच. आक्षेप खरा आहे. त्या चित्रपटाच्या वेळीं ओळखीचीं दृश्यें येतांच मुलें थिएटरांत आरडाओरडा करीत, हेंही सर्वांनीं वाचलें आहे. आम्हांस त्यांत वावगें वाटत नाहीं. आपण एकटे घरांत खेळलेला खेळ शेंकडों लोकांबरोबर बसून आठवावा, हा एक उत्सवच आहे. जत्रेंतील सोंगें पाहतांनाही आपण कथेसाठीं बसत नाहीं, ओळखीसाठीं बसतों. परंतु उत्सव निराळा आणि कथा निराळी. आमच्या पुतण्यानें सुचविलेला चित्रपट मात्र एका खऱ्या माणसाविषयींचा आहे, आणि खऱ्या माणसाच्या बाबतींत नुसत्या ओळखीनें भागत नाहीं.

त्या माणसावर एक चित्रपट पूर्वीं निघालेलाच आहे. रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी'चा आरंभ ३० जानेवारी १९४८ च्या हत्येपासून होतो. शेवट काय होणार हें प्रेक्षकांस प्रथमच सांगून मग ते आयुष्य मागून दाखवितात. खेळांतले गांधी सहा हजार वर्षें जगतात, हरले तर पुढच्या डावांत पुन्हां येतात. चित्रपटांतील गांधी पहिल्याच कांहीं क्षणांत मरतात, आणि म्हणूनच पुढें ते जें जें करतात त्यास वजन येतें. त्या चित्रपटावर घेण्यासारखे आक्षेप पुष्कळ आहेत. पण ही एक गोष्ट त्यानें बरोबर जाणली होती.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही पुतण्यास घेऊन सेवाग्रामास गेलों. उपदेश करावयाचा नाहीं असें मनाशीं ठरविलें होतें, आणि तो फारसा केलाही नाहीं. १९३६ सालीं गांधी तेव्हांच्या सेगांवास राहावयास आले. १४ जुलै १९४२ रोजीं वर्ध्यास काँग्रेसच्या कार्यकारिणीनें इंग्रजांनीं हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला, हें त्यास ठाऊक होतें. आम्हीं त्यास फक्त दोन झोंपड्या दाखविल्या. एक बा-कुटी आणि दुसरी महादेव-कुटी. त्या ठरावानंतर ऑगस्टमध्यें हीं माणसें येथून मुंबईस गेलीं आणि पकडलीं गेलीं. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजीं आगाखान महालांत वारले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच वारल्या. गांधी सुटून सेवाग्रामास परत आले, तेव्हां या दोन्ही कुट्या होत्या तशाच उभ्या होत्या.

पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. परततांना एवढेंच म्हणाला, "काका, खेळांत हें घालतां येणार नाहीं. घातलें तरी मी मागची साठवलेली खूण उघडून पुन्हां खेळेन." आम्हीं म्हटलें, "मग सिनेमा काढणारानें तेथूनच आरंभ करावा." तो खेळ तो अजून खेळतो, आणि त्यास आमची ना नाहीं. घरीं आल्यावर त्या रात्रींही त्यानें डाव मांडला. फक्त या खेपेस भारताचें राज्य त्यानें स्वतःकडे घेतलें होतें.